गरुडाचं वजन



माझं शेवटचं पोस्टिंग कुंभकोणमला, एनसीसीच्या बटालियनमध्ये. रिटायरमेंट जवळ आली तसा घरात एकच विषय सुरू झाला: गावी जायचं कसं? इथून कराडजवळचं आमचं गाव साधारण अकराशे किलोमीटर. मी रेल्वेचं वॉरंट काढायच्या तयारीत होतो. सौ. म्हणाली, "सामान ट्रकमधून जाऊ दे. आपण मोटारसायकलवर जायचं. तीस वर्षं तुमच्या मागच्या सीटवर तुमची बॅग बसली. आता मी बसणार."

ऑर्डर झाली. राहता राहिला प्रश्न गाडीचा.

माझ्याकडे रॉयल एनफिल्ड हिमालयन, ४११ सीसीची जुनी. लेहला असताना घेतलेली. बटालियनमधल्या एका हवालदाराकडे बजाज डॉमिनार ४००. गंमत बघा, हवालदार कोईम्बतूरकडचे आणि गाडी चाकणची. मी कऱ्हाडचा आणि गाडी चेन्नईकडची. त्यांची युनिट लेहला, लवकरच तिकडे परत जायचं होतं. एक दिवस चहाच्या वेळी म्हणाले, "साब, एक महीना गाडी बदलके चलाते हैं. जिसको जो जमे, वो रख ले." तसं ठरलं.

ज्यांना या दोन जातींतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिमालयन ही अ‍ॅडव्हेंचर गाडी, डॉमिनार ही स्पोर्ट-टूरर. दोन्ही लांबच्या प्रवासासाठीच, पण रस्ता कुठला हे दोघींनी वेगवेगळं धरलेलं. बीएमडब्ल्यूनं १९७६ साली आर १०० आरएस काढली, वारा अंगावर न घेता हायवेवर दिवसभर जोरात पळायला. त्याच कंपनीनं १९८० साली आर ८० जी/एस काढली. नावातला एस म्हणजे रस्ता आणि जी म्हणजे रस्ता सोडून बाकी सगळं. पुढच्याच वर्षी त्या गाडीनं पॅरिस-डाकारची शर्यत मारली. दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं, स्वभाव मात्र निराळे. सख्ख्या भावांतला एक पायदळात आणि एक हवाई दलात जावा, तसंच हे.

आमच्या दोन गाड्यांचे आकडेही तेच बोलतात. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, पुढच्या सस्पेन्शनला २०० मिलिमीटरची उसंत, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. म्हणून खड्डा आला तरी चाक त्यात पडत नाही, वरून निघून जातं. डॉमिनारची दोन्ही चाकं १७ इंची, पोटाखाली १५७ मिलिमीटर. खड्डा आला की हात आणि कंबर दोघांनाही कळतो. पण ताकद बघा: हिमालयन २४-२५ हॉर्सपॉवर, डॉमिनार ४०. त्रिची-सेलमच्या चौपदरी रस्त्यावर शंभरच्या वेगात डॉमिनारचं इंजिन निवांत असतं. ट्रकला ओलांडायचं तर नुसतं मूठ पिळायचं. हिमालयनवर तोच ट्रक ओलांडताना आधी हिशेब मांडावा लागतो, मागे माणूस असेल तर दोनदा.

बसायची तऱ्हाही वेगळी. हिमालयनवर खुर्चीत बसल्यासारखं ताठ. डॉमिनारवर अंग जरा पुढे, गुडघे जास्त दुमडलेले. आणि माझा डावा गुडघा हेच तर सगळं दुखणं. काही वर्षांपूर्वी पोस्टवर बर्फात पाय मुरगळला होता. मेडिकल बोर्डात पास झालो, पण गुडघ्यानं ते कधी मनापासून मान्य केलं नाही. महिनाभराच्या अदलाबदलीत दिसलं ते असं: डॉमिनारवर तासाभरानं गुडघा बोलायला लागतो, हिमालयनवर तीन तास गप्प असतो. म्हणजे निकाल लागल्यासारखाच होता. मनातून मला तो हवाही होता. लेहच्या गाडीवर गावात शिरायचं, हे चित्र मी फार दिवस जपून ठेवलं होतं.

मग मार्गळी महिना आला. कुंभकोणमहून दहा किलोमीटरवर नाचियारकोविल आहे. तिथल्या देवळात वर्षातून दोनदा दगडी गरुडाची स्वारी निघते, ती बघायला आम्ही हिमालयनवर निघालो. कावेरीच्या खोऱ्यातला अरुंद रस्ता, दोन्हीकडे भातखाचरं, पाऊस नुकताच सरलेला. समोरून बस आली. मी गाडी साईडपट्टीवर घेतली, थांबलो आणि डावा पाय टेकवला. खालची ओली माती पाय घेऊन खाली गेली. गुडघ्यानं साथ सोडली आणि गाडी आम्हा दोघांना घेऊन हळूच आडवी झाली. वेग शून्य.

सौ.च्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. तिला बाजूला बसवलं आणि गाडी उचलायला वाकलो. लेहला हीच गाडी मी एकट्यानं कितीदा उचलली होती! पाठ सीटला लावायची, पायानं जोर द्यायचा. जोर दिला. गाडी हातभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही. शेवटी शेतातून चार माणसं आली, हसत हसत त्यांनी ती उभी केली. मी त्यांना 'नंड्री' म्हणालो. सौ. काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

गाडीचा यात काडीचाही दोष नव्हता. दोन्ही गाड्यांची सीट ८०० मिलिमीटरच उंच. पण हिमालयन पेट्रोलसकट जवळपास २०० किलो, आणि ते वजन उंचावर. डॉमिनार दहा-पंधरा किलोंनी हलकी, शिवाय जमिनीला धरून. गाडी पळते तेव्हा वजन इंजिन पेलतं, थांबते तेव्हा आपण. हिमालयन निवडताना मी फक्त पळण्याचा विचार केला होता.

देवळात पोचलो तर गरुड गाभाऱ्याबाहेर येत होता. आत त्याला चौघं उचलतात. पुढे आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि रस्त्यावर येईपर्यंत एकशे अठ्ठावीस. परत जाताना तसेच कमी होत जातात. हे देऊळ एकशे आठ दिव्यदेशांपैकी एक, पण इथं मान देवीचा. ती हंसावर, देव गरुडावर. लोक सांगतात, हंसाची चाल मंद आणि गरुडाचा वेग दांडगा. देवी मागे राहू नये म्हणून गरुड स्वतःचं वजन वाढवतो.

बाजूच्या एका गृहस्थांनी मोडक्या हिंदीत ही गोष्ट सांगितली. सौ.नं ती पूर्ण ऐकली, आणि मग रस्त्यापासून पहिल्यांदा बोलली. "अहो, तुम्ही तीस वर्षं गरुडावर होता. मी आपली हंसावर, कधी शाळेच्या रांगेत, कधी गॅसच्या." मी म्हटलं, "आज गरुड तुला घेऊन पडला." ती म्हणाली, "पडला तर पडला. पण उठवता येईल असा घ्या."

नाचियारकोविल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. येताना एका कारागिराकडे थांबलो. समई चार भागांत ओततात: बूड, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंस. मग आट्यांनी जोडतात. मला बूड फार जाड वाटलं. त्यानं बोटानं समईला वरून ढकलून दाखवलं. ती डोलली आणि परत सरळ झाली.

पुढच्या आठवड्यात हवालदारांना सांगितलं, डॉमिनार मी ठेवतो. हिमालयन त्यांच्याबरोबर लेहला जाईल, जिथं तिचं चाक, तिची उंची सगळं कामाला येतं. कागद बदलताना हात जरा जड झाला, लपवत नाही. तिशीतला मी असतो तर अजूनही हिमालयनच घेतली असती. माझ्या वाटेवर मात्र नुब्रा नाही. चौपदरी रस्ता आहे, टोलनाके आहेत, पंपावरच्या रांगा आहेत आणि ठिकठिकाणी पाय टेकायचा आहे. माझ्या वयाच्या माजी सैनिकांना एवढंच सांगतो: गाडी घेण्याआधी ती आडवी पाडा आणि एकट्यानं उचलून बघा. टेस्ट राईड त्यानंतर.

गुडघ्याचा प्रश्न उरतोच. हँडल थोडं वर घेतलंय, आणि दर साठ किलोमीटरला उतरून पाय मोकळे करायचे ठरलंय. परवा पहाटे निघतोय. समई सुटी करून बॅगेत भरली आहे, हंस सौ.च्या पर्समध्ये. थांबायचं कुठं, ते ती ठरवणार.