कोपर खाली राहू दे

चि. मृणाल,


तुझा निरोप काल रात्री वाचला आणि सकाळी उठून पुन्हा वाचला. तू विचारलंस ते एवढंच, की तुझ्या कॅननच्या मार्क थ्रीला कंपनीची बॅटरी ग्रिप घेऊ की बाजारात मिळते ती स्वस्तातली. त्याचं उत्तर खाली देतो. पण जाता जाता तू जे लिहिलंस, ‘हल्ली सगळं आडवंच काढते मामा, उभं हवं असेल तर नंतर कापता येतं’, ते काही मनातून जाईना. हे तू लिहावंस? आप्पांच्या स्टुडिओत मोठी झालेली तू?

नुसता हिशेब कर. तुझ्या कॅमेऱ्याची फ्रेम 5760 बाय 3840 पिक्सेलची. तिच्यातून त्याच प्रमाणातली उभी फ्रेम कापलीस, तर उंची 3840 राहते, पण रुंदी 2560 वर येते. बावीस मेगापिक्सेलमधले धड दहासुद्धा हाती लागत नाहीत. अल्बमच्या पानाला तेवढे पुरतात, हे मलाही कळतं. माझी तक्रार पिक्सेलची नाहीच. आडव्या फ्रेममध्ये नवरी पूर्ण यावी म्हणून तू चार पावलं मागं जातेस. मग मध्ये करवल्या येतात, व्हिडिओवाला येतो, कुणाचं तरी पोर धावत येतं, आणि तुझं निम्मं लक्ष त्यांच्यात जातं. कॅमेरा उभा धरलास की मुंडावळ्यांपासून शालूच्या काठापर्यंत एकटी नवरी फ्रेममध्ये मावते आणि तुला पुढं सरकता येतं. मामाबरोबर अंतरपाटाकडे निघालेली मुलगी तशीच बघायची असते. माणसं उभी असतात गं. फोटो क्लिक करताना दिसला पाहिजे. घरी कॉम्प्युटरवर कापताना दिसतो तो उरलासुरला.

आप्पांच्या यशिका मॅटला हा प्रश्नच नव्हता. चौकोनी फ्रेम, 120 च्या रोलवर बारा फोटो, कॅमेरा पोटाशी आणि मान खाली. वळवायची भानगड आली ती पस्तीस एमएममुळे. तेव्हापासून दरेक लग्नात हेच बघतोय. कॅमेरा उभा केला की उजवा हात वर जातो, मनगट मागं मुडपतं, कोपर हवेत लटकतं. तशात पुढं दीड किलोची 70-200 लेन्स लावलेली. फोटोग्राफर दमतो, आणि दमला की त्याच्याही नकळत आडवंच काढू लागतो. कंपन्यांना हे फार आधी कळलं होतं. 1996 साली निकॉनचा एफ-5 आला त्यात उभ्या पकडीचं बटण बॉडीतच होतं.

म्हणून सांगतो, ग्रिप बॅटरीसाठी घेऊ नकोस, कोपरासाठी घे. तिच्या टोकाला शटरचं दुसरं बटण असतं, बोटाजवळ चाक असतं. कॅमेरा उभा केला तरी हात आडव्यासारखाच बसतो, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकतात. मांडवातल्या पिवळ्या उजेडात शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आलं, की त्या टेकलेल्या कोपरांची किंमत कळते.

बॅटरीचं म्हणशील, तर कॅननच्या मोजमापानं एलपी-ई6 वर तुझ्या कॅमेऱ्याचे साधारण 950 फोटो निघतात. ग्रिपमध्ये अशा दोन बसतात, सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत काळजी नाही. पण खिशात एक भरलेली बॅटरी ठेवलीस तरी तेच होतं. ग्रिपनं फोटोंचा वेग वाढतो असं ऐकून तर अजिबात घेऊ नकोस. तुझा कुणी मित्र तसं सांगत असेल, तर निकॉनचं ते खरं आहे. डी-700 ला एमबी-डी10 लावून मोठी बॅटरी किंवा पेन्सिल सेल घातले की सेकंदाला पाचचे आठ फोटो होतात. तुझा मार्क थ्री मात्र ग्रिप लाव की काढ, सहाच काढणार.

आता तुझं उत्तर. कंपनीची घे, बीजी-ई11. महाग आहे, ठाऊक आहे. पण बसवताना काय होतं ते नीट बघ. कॅमेरा बंद करायचा, बॅटरी काढायची, बॅटरीचं दार उघडून बिजागरीजवळची बारीक कळ दाबली की दार सुटून हातात येतं. ते ग्रिपमधल्या खाचेत ठेवायचं, नाहीतर हमखास हरवतं. मग ग्रिपचा दांडा बॅटरीच्या पोकळीत जातो आणि खालचं चाक ट्रायपॉडच्या आट्यात पिळलं जातं. म्हणजे सगळा वीजपुरवठा त्या दांड्याच्या टोकाला असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, आणि सगळं वजन त्या एका स्क्रूवर. स्वस्तातल्या ग्रिपमध्ये कच्चं असतं ते नेमकं इथंच. सांगलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत तशी ग्रिप लावलेल्या एका पोराचा कॅमेरा विझत-पेटत होता, तो तू स्वतः पाहिलास. कंपनीच्या ग्रिपचंही चाक सैल होतंच. दर विधीनंतर अंगठ्यानं एकदा आवळून घे. सहा पेन्सिल सेलचा ट्रे मिळेल, तो अडीअडचणीला ठेव, पण त्यात साधे अल्कलाइन घालू नकोस, ते लवकर मान टाकतात. चार्ज होणारे घाल, आणि जुने-नवे एकत्र नकोत. ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर द्यायचं असेल तेव्हा ग्रिप काढून ठेव, त्या जोडात किंचित हलतं.

एवढं लिहिलं आणि हात थांबला. तू आळस करणारी नाहीस. पावसात छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजलेली पोर तू. मग कॅमेरा वळवणंच का सोडलंस? ताई परवा फोनवर सहज म्हणाली, मृणालनं कणीक मळायचं बंद केलंय, बाई लावलीय. तेव्हा मी हूं म्हणून सोडून दिलं. आता दोन्ही गोष्टी जोडून बघतोय. मनगट दुखतंय का तुझं? अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, की रात्री बोटांना मुंग्या येतात? ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हींचे उपचार वेगळे, आणि गोळी घेऊन सीझन काढला तर दोन्ही बळावतात. ग्रिप हे त्यावरचं औषध नव्हे. मनगटाचा पीळ जाईल, पण ग्रिप आणि जादा बॅटरी मिळून पाव किलोच्या वर भार वाढेल, तो त्याच हातावर. लेन्सखाली डावा हात पूर्ण घाल, वजन त्यानं पेलायचं, उजव्यानं फक्त बटण दाबायचं. गळ्यातला पट्टा टाकून खांद्यावरून आडवा जाणारा घे. पण हे सगळं डॉक्टरांनंतर.

डिसेंबरात उदयपूरला विमानानं जाणार आहेस म्हणे. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना झाकण किंवा टेप लावून. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत. आणि तिथं एकटी जाऊ नकोस. दुसरा फोटोग्राफर सोबत घे, पैसे कमी पडले तर मागून घे, परके आहोत का आम्ही?

ग्रिपचे पैसे मी पाठवतो, तो माझ्याकडून दिवाळीचा अहेर समज. पण आधी याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना हात दाखव, आणि ते काय म्हणाले ते ताईच्या नव्हे, तुझ्या तोंडून मला कळू दे.

तुझा,
मामा