रोपणानंतरची वर्षे

'रोपण' या शब्दात एक आश्वासन दडलेले आहे. भाताचे रोप वाफ्यातून उपटून खाचरात लावले की काही दिवसांत ते मूळ धरते आणि ती जमीन त्याची होते. वैद्यकीय परिभाषा घडवणाऱ्यांनी 'इम्प्लान्ट'साठी हा शब्द योजला, तेव्हा असेच काही चित्र त्यांच्या मनात असावे. स्तनरोपणाच्या बाबतीत मात्र ते फसवे ठरते. सिलिकॉनची पिशवी शरीरात मूळ धरत नाही. शरीर तिला परकी म्हणून ओळखते आणि तिच्याभोवती तंतूंचे कुंपण उभारते. बहुतेकींच्या बाबतीत हे कुंपण मऊ राहते; काहींच्या बाबतीत ते आवळत जाते, स्तन कठीण होतो, दुखू लागतो.

जून २०१५ मध्ये कर्करोगामुळे माझा उजवा स्तन काढला आणि त्याच शस्त्रक्रियेत रोपण झाले. त्या वर्षाविषयी मी येथे लिहिणार नाही. आजाराची आत्मकथने मराठीत आहेत, मी ती वर्गात शिकवलेलीही आहेत. त्यांतली बरीचशी शेवटचे केमो, डोक्यावर पुन्हा उगवलेले केस, कामावरचा पहिला दिवस अशा एखाद्या ठिकाणी येऊन थांबतात. कथानकाच्या दृष्टीने ते योग्यच. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या, कथानक नसलेल्या काळाविषयी.

रोपण आयुष्यभराचे नसते, हे माझ्या शल्यविशारदांनी आधीच सांगितले होते. ते केव्हातरी फाटू शकते. मिठाच्या पाण्याची पिशवी फाटली तर स्तन बसतो, ते दिसते. माझ्यासारखी जेलची पिशवी फाटली तर जेल बहुधा त्या कुंपणाच्या आतच राहते. वेदना नाही, आकारात बदल नाही. याला 'मूक' फाटणे म्हणतात. संहितेतील मौनाचे अर्थ लावण्यात आपली समीक्षा रमते. येथे मौनापुढे समीक्षेचे काही चालत नाही, एमआरआयच लागतो. त्या चित्रात फाटलेले आवरण जेलमध्ये तरंगणाऱ्या नागमोडी रेषांसारखे दिसते. या खुणेला तज्ज्ञांनी एका इटालियन पास्त्याचे नाव दिले आहे. नामकरण आपल्याकडे झाले असते तर शेवयाच म्हटले असते.

अमेरिकेत १९९२ मध्ये सिलिकॉन जेलच्या रोपणांवर कडक निर्बंध आले आणि २००६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तेव्हाचा सल्ला असा होता : पहिला एमआरआय ३ वर्षांनी, पुढे दर २ वर्षांनी. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने तो बदलला : पहिली तपासणी ५ ते ६ वर्षांनी, पुढे दर २ ते ३ वर्षांनी, आणि सोनोग्राफीही चालेल. माझ्या वहीत या दोन्ही वेळापत्रकांच्या खुणा आहेत. २०१८ : एमआरआय, ठीक. २०२१ : सोनोग्राफी, ठीक. २०२४ : एमआरआय, ठीक. डाव्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी, वेगळी. सोनोग्राफीची मुभा ही मला मोठी गोष्ट वाटते. पगारदार प्राध्यापिकेला एमआरआय कसाबसा परवडतो. केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या बाईला तो परवडला असता असे मला वाटत नाही.

रोपणाबरोबर एक कार्ड मिळते. अलंकार शिकवताना स्तनांसाठी कलशाचे उपमान मी कैकदा फळ्यावर लिहिले आहे. कार्डावर उपमान नाही. उजवी बाजू, ३२५ सीसी, अनुक्रमांक, पृष्ठभाग खडबडीत.

हा शेवटचा शब्द २०१९ पर्यंत मला निरुपद्रवी वाटत असे. त्या वर्षी जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली 'बायोसेल' ही खडबडीत पृष्ठभागाची रोपणे जगभरातून परत मागवली. रोपणाभोवतीच्या कुंपणात उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाचे ५७३ रुग्ण तोवर नोंदले गेले होते, ३३ मृत्यू झाले होते, आणि ४८१ रुग्णांत रोपण याच कंपनीचे होते. माझे कार्ड दुसऱ्या कंपनीचे होते. पृष्ठभाग मात्र तोच, आणि धोका मुख्यतः त्याच प्रकारच्या पृष्ठभागाशी जोडलेला.

काढून टाक, असे धाकटी बहीण म्हणाली. एका सहकारी मैत्रिणीने ऑड्री लॉर्डची आठवण करून दिली. 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये लॉर्डने कृत्रिम स्तन नाकारला आणि तो न लावता दवाखान्यात गेल्यावर परिचारिकेने तिला कसे टोकले, तेही लिहिले. मला लॉर्ड पटते. पण मला साडीचा पदर पूर्वीसारखा पडायला हवा होता, आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागावी असे वाटत नाही. शिवाय प्रशासनाचा सल्लाही स्पष्ट होता : लक्षणे नसतील तर रोपण काढण्याची शिफारस नाही, लक्ष ठेवा.

लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय? महिन्याच्या पहिल्या तारखेला आरशासमोर उभे राहून सूज, कडकपणा, गाठ, त्वचेवरचा बदल पाहणे. काखेत हात फिरवणे. वर्षानुवर्षे शांत असलेली बाजू अचानक सुजली तर सोनोग्राफी, आणि द्रव साचला असेल तर सुईने काढून त्यातील पेशींची खास तपासणी. लवकर कळले तर रोपण व ते कुंपण पूर्ण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणजे माझ्या वाट्याचे काम वाचकाचेच आहे, फक्त पुन्हापुन्हा तेच पान वाचायचे, आणि आजही त्यात नवे काही नाही याची खात्री करून घ्यायची. गंमत अशी की असे वाचन कंटाळवाणे ठरले तरच ते यशस्वी.

माझे शल्यविशारद २०२२ मध्ये निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांनी 'काही त्रास?' एवढेच विचारले. मी कार्ड पुढे केले. मूक फाटण्याविषयी थोडेफार वाचलेल्या बाईने 'नाही' म्हणून काय कळणार?

कार्डाची एक प्रत बहिणीकडे दिली आहे.

"ताई, विम्याच्या कागदांत ठेवू का?" तिने विचारले.

म्हटले, "नको, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव. आपल्या घरात तेवढी एकच वेळेवर सापडते."