फणीच्या दातांमधून

डोक्यातील ऊ हा पंख नसलेला, उडी न मारणारा, केवळ एका केसावरून दुसऱ्यावर सरकणारा आणि रक्तावर जगणारा कीटक असून तो अस्वच्छतेची खूण नव्हे, हे वैद्यकाने सांगितले असले, तरी मानपाड्याच्या चाळीत काय किंवा घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतीत काय, शाळकरी मुलीच्या कानामागे लीख, म्हणजे केसाला घट्ट चिकटलेले उवेचे अंडे, दिसली की आईच्या मनात काळजीच्या आधी लाज येते. फणी मात्र लाजत नाही; इस्राएलमधील लाखीश येथे सापडलेल्या, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर उवा जाव्यात अशीच इच्छा कनानी लिपीत कोरलेली आहे. सीताफळाच्या बियांची पूड लावण्याचा उपाय आजीकडून नातीपर्यंत पोहोचला, पण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा होते, ही माहिती बहुधा वाटेतच राहिली. मांडीवर डोके घेऊन खिडकीच्या उजेडात बट-बट विंचरणाऱ्या हातात माया किती आणि वैताग किती, हे सांगणे कठीण. लीख 7 ते 10 दिवसांत फुटते, त्यामुळे एका रविवारी हे काम संपत नाही.