तुमची अपेक्षा किती?

बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही. आधी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, मग धाकटीकडे पुण्याला मुक्काम, असे करता करता दोन महिने निघून गेले. तिच्याकडे जुने कागद आवरताना एक पाठकोरा कागद सापडला, माझ्याच अक्षरातला. त्यावर २०२४ च्या जूनमधली एक लांबलचक बेरीज-वजाबाकी आहे. त्या कागदाबद्दल लिहायचे तेव्हापासून मनात होते. धाकटीची परवानगी घेतली आहे. "लिही, पण कंपनीचे नाव नको आणि माझे पण नको," एवढीच तिची अट.

धाकटी आयटीत आहे, हे नातेवाइकांना माहीतच आहे. २००६ साली कॉलेजातूनच तिची निवड झाली. वर्षाला दोन लाख साठ हजार. पहिल्या महिन्यात हातात सतरा हजार आले, आणि त्याच महिन्यात माझ्याही हातात साधारण तेवढेच आले होते. फरक इतकाच की माझी ३२ वर्षे नोकरी झाली होती आणि वरिष्ठ वेतनश्रेणी लागलेली होती! ह्यांनी पेढे आणले. मला आनंद झाला आणि आत कुठेतरी थोडे टोचलेही, खोटे कशाला बोलू.

त्या दिवशी मी तिला एक गोष्ट बजावली. "पगाराचे आपल्या तोंडाने काढू नये. काम चोख करावे, वरच्यांचे लक्ष असते." मुलीने आईचे ऐकले. अठरा वर्षे ऐकले.

२०२४ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी ती घरी आली आणि चहासुद्धा न घेता बसून राहिली. तिच्या टीममध्ये एक नवीन मुलगा घ्यायचा होता. मुलाखत घेणाऱ्यांत ती स्वतः होती. मंजुरीचा तक्ता कुणीतरी चुकून तिलाही पाठवला. त्या मुलाला अकरा वर्षांचा अनुभव, काम तेच, टेस्टिंगचे, आणि पगार सत्तावीस लाख. हिची अठरा वर्षे झालेली आणि हिला बावीस. वर त्याला काम शिकवायचे हिनेच.

"त्याचा राग नाही गं आला," ती म्हणाली. "त्याने मागितले. मी कधी मागितलेच नाही."

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

आता माझे सांगते. १९७४ साली बी.ए., बी.एड. होऊन मी एका तालुक्याच्या गावी खासगी शाळेत लागले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कारकून पगारपत्रक पुढे सरकवायचा. तिकीट लावलेले असायचे. आकडा ३१० रुपयांचा. त्यावर सही करायची आणि पाकीट घ्यायचे. पाकिटात २२५. उरलेले पंच्याऐंशी "इमारत निधी"ला. पहिल्या महिन्यात मी पाकीट दोनदा मोजले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाला, "बाई, सगळ्यांचेच तसे आहे." सगळ्यांचेच तसे आहे म्हटल्यावर माझी हिंमत गेली. जवळजवळ तीन वर्षे मी त्या खोट्या आकड्यावर सही केली. हे मी मुलींना कधी सांगितले नव्हते. पगाराचे तोंडाने काढू नये हे माझे तत्त्वज्ञान तिथून आले होते, आणि मी ते संस्कार म्हणून पुढे दिले.

पुढे मी दुसऱ्या गावी, अनुदानित शाळेत आले. १९७७ मध्ये खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा कायदा झाला, १९८१ मध्ये त्याचे नियम आले. त्याच सुमारास, १९७७-७८ मध्ये, राज्य कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप झाला. महागाई भत्ता केंद्राप्रमाणे द्या ही मागणी. त्यात आम्ही शिक्षकही होतो. तेव्हा घरात काय शिजत होते ते माझे मला ठाऊक. पण पाहा, मागितले ते संघटनेने. एकट्या बाईने हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन "मला इतके द्या" म्हणायची वेळ माझ्यावर पस्तीस वर्षांत एकदाही आली नाही. वेतनश्रेणी शासन निर्णयात छापलेली. शिपायालाही माहीत की बाईंचा पगार किती आणि पुढची वेतनवाढ कधी. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. चांगले शिकवा नाहीतर झोपा काढा, आकडा तोच. याचा मला कधीकधी संताप यायचा. पण आकडा लपलेला नसायचा.

धाकटीच्या जगात सगळे उलटे. शेजारच्या खुर्चीवरचा किती घेतो हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. शिवाय नवी कंपनी आधीच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागते आणि त्यावर टक्के लावते. म्हणजे २००६ चा आकडा कमी असेल तर त्याची सावली २०२४ पर्यंत पडते! माझा भाचा बॉस्टनला असतो. तो फोनवर म्हणाला, "मावशी, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ च्या जुलैपासून कायदाच आहे. नोकरी देऊ करण्याआधी जुना पगार विचारता येत नाही." २०२५ च्या ऑक्टोबरपासून तर तिथे पंचवीस किंवा जास्त माणसे असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच पगार इथून इथपर्यंत असा छापावा लागतो. आमच्या शासन निर्णयासारखेच झाले की!

असो. तर प्रश्न असा की आपली किंमत किती हे माणसाने ठरवायचे कसे? धाकटीने आधी नेटवर पाहिले. तिथे तिच्या हुद्द्याला चौदा लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत सगळे आकडे होते. हुद्द्याचे नाव एकच, पण कुणी हाताने तपासणी करणारा, कुणी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारा, कुणी बँकांच्या व्यवहारांतला जाणकार. ती सरासरी म्हणजे सहावी ते दहावीच्या सगळ्या मुलांची मिळून उंची काढण्यासारखे. मग तिने नोकरी सोडून गेलेल्या चार जुन्या मैत्रिणींना फोन केले. तिला वाटत होते त्या चिडतील. चौघींनीही पाच मिनिटांत आकडा सांगितला, आणि दोघी म्हणाल्या, "तू अजून तिथेच आहेस?" या फोनांनी जे कळले ते नेटवर आठवडाभर बसून कळले नव्हते.

मी माझ्या परीने एक हिशेब मांडला. तिचा तास कंपनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला साधारण पंचवीस डॉलरला विकते, असे ती म्हणाली. वर्षाचे १,९०० तास धरले आणि डॉलर ८३ रुपये, तर एकोणचाळीस लाखांच्या वर जातात. मी म्हटले, बघ, तुझे सतरा लाख खातात! ती हसली. "आई, त्यात इमारत आली, वीज आली, काम मिळवून आणणारे आले, आणि बेंचवर काम नसताना बसलेल्यांचा पगारही आला." म्हणजे हा आकडा मागायचा नसतो. पण त्याच्या खाली आपण कुठे आहोत हे कळायला बरा.

तिने तीन ठिकाणी अर्ज केले, एकीकडून पत्र आले. तीस लाख! बावीसचे तीस, म्हणजे छत्तीस टक्के वाढ. मी देवापुढे साखर ठेवली. धाकटीने मात्र पत्र माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, "तू आयुष्यभर उताऱ्यावरचे प्रश्न काढलेस ना, वाच आता हा उतारा."

तोच हा पाठकोरा कागद. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा सगळा खर्च. तीस लाखांतले दोन लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडले तर परत करायचे. तीन लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचे बरे चालले आणि साहेबांची मर्जी असली तर. मूळ वेतन दहा लाख, त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा बारा टक्के, १,२०,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ४८,१००. विम्याचे २१,९००. हे सगळे वजा केले तर ठरलेले, दरमहा येणारे, असे २३,१०,००० उरले. तीच चाळणी जुन्या बावीस लाखांना लावली तर तिथे १८,५०,०००. म्हणजे खरी वाढ छत्तीस नव्हे, पंचवीस टक्क्यांना जराशी कमी. आयकर अजून कापायचाच होता.

त्या ४.८१ ने मला दोन दिवस छळले. असा विचित्र आकडा कुठून आला? मग उलगडले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधराला सव्वीसने भागा, मग बाराने भागा. आले ४.८१! मला इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला धाकटीला उठवून सांगितले. ती म्हणाली, "आई, पाच वर्षे टिकले तरच ते मिळतात." म्हणजे नव्या पत्रातले ४८,१०० अजून कागदावरचेच. मला उलटी भीती होती, जुनी नोकरी सोडली की अठरा वर्षांची ग्रॅच्युइटी बुडेल. तसे नसते. ती तिची झालेलीच होती, हिशेबाने सहा लाख नव्वद हजारांच्या आसपास. (पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ग्रॅच्युइटीसारख्या गोष्टींसाठी वेतन एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. आता असले पत्र हातात आले तर हा हिशेब नव्याने करावा लागेल.)

त्या कागदाच्या कोपऱ्यात आणखी एक आकडेमोड आहे, खोडलेली. नव्या मुलात आणि हिच्यात पाच लाखांचा फरक. तो फक्त मागच्या चार वर्षांपासून आहे असे धरले, तरी... पुढचे मी तेव्हाच काट मारून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मुलीचा फोन आला. धाकटी आतल्या खोलीत गेली, दार लोटले. मी भाजी निवडत होते पण कान तिकडेच. "तुमची अपेक्षा किती?" असे समोरून विचारले असणार. कारण इकडे शांतता पसरली. मग धाकटीचा आवाज आला, जरा चिरका. "मला जॉइनिंग बोनस नको. दरमहा येणारी ठरलेली रक्कम वर्षाला पंचवीस लाख हवी." आणि मग ती गप्प बसली. मला आतून ओरडावेसे वाटले, अगं, निदान "जमले तर" तरी म्हण! तिने नाही म्हटले. समोरची बरेच काही बोलत असावी. शेवटी दोन दिवसांनी चोवीस लाख साठ हजारांवर ठरले. जुन्याच्या तेहतीस टक्के जास्त.

पण तिला सगळ्यात लागले ते नंतरचे. राजीनामा दिला त्या दिवशी जुने साहेब म्हणाले, "अगं, आधी बोलायचे नाही का? सव्वीस करून देतो, राहा." एका मिनिटात चार लाख! ती घरी येऊन रडली. "म्हणजे होते ना गं त्यांच्याकडे," एवढेच म्हणत राहिली. त्यांचे लक्ष असते असे मी तिला सांगितले होते. लक्ष होतेच म्हणायचे. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड तिने पूर्ण केला, त्या नव्या मुलाला सगळे काम व्यवस्थित समजावून दिले आणि मग गेली.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमात दहावीला आहे, मराठीत गचके खातो. आठवड्यातून दोन दिवस शिकवाल का, म्हणाल्या. मला कोण आनंद! लगेच हो म्हटले. "फी किती घ्याल, काकू?"

मी म्हटले, "अहो, द्या तुम्हाला योग्य वाटेल ते."

धाकटी लॅपटॉप घेऊन तिथेच बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे नुसते पाहिले. त्या बाई गेल्यावरही पाहत होती. मुलगा उद्यापासून येणार आहे, आणि मी अजून खाली जाऊन आकडा सांगितलेला नाही.