ब्रूबेकचा लेहरा

चि. ईशान,


‘टेक फाइव्ह’ डेव्ह ब्रूबेकचं, असं तिकडच्या मित्रांनी तुला सांगितलं, ते अर्धंच खरं. ‘टाइम आउट’ ही १९५९ सालची रेकॉर्ड त्याची, क्वार्टेट त्याचं, पियानोवरही तोच. पण ही रचना पॉल डेसमंड या सॅक्सोफोनवाल्याची, आणि तीही झाली ड्रमर जो मोरेलोसाठी. त्याला पाच मात्रांत खेळायला काहीतरी हवं होतं.

तोवर जॅझ बहुतेक चारांतच चालायचा. १९५८ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याने या चौघांना पोलंड, तुर्कस्तान, भारत, इराण, इराक असं फिरवलं. शीतयुद्धाचा काळ, जॅझ वाजवून देशाचं मोकळं रूप जगाला दाखवायचं होतं. घरी मात्र बासवादक युजीन राइट कृष्णवर्णीय म्हणून दक्षिणेतली कॉलेजं अडून बसायची. ब्रूबेकने माणूस बदलला नाही, कार्यक्रम सोडले.

त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रा ऐकल्या. तीन-तीन-तीन नव्हे, दोन-दोन-दोन-तीन! त्यातून ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ झालं. मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला. झपतालात वाढलेल्या कानाला पाचाचं कसलं अप्रूप, असं तू म्हणशील. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मात्र पहिल्या दिवशी ‘टेक फाइव्ह’ जमलंच नाही. १९५९च्या १ जुलैला जमलं.

आता ते नीट ऐक. पियानोवर दोनच स्वरगुच्छ, एक-दोन-तीन, एक-दोन. डेसमंडचा सॅक्सोफोन थांबतो, मोरेलो सुरू होतो, आणि ब्रूबेक तेच दोन स्वरगुच्छ वाजवत राहतो. तबला सोलोला पेटीवाला लेहरा धरून बसतो, अगदी तसं. मोरेलोला घाई नाही. एक ठोका, मग मोकळी जागा, मग आडवातिडवा तुकडा. आपण चुकतो, पण लेहरा ऐकला की पुन्हा जागेवर येतो. रेकॉर्डवर नाव स्वतःचं असताना असं मागे बसून राहणं, मला तरी ब्रूबेकच्या कुठल्याही सोलोपेक्षा हे मोठं वाटतं. (त्याचे सोलो कधी कधी जरा जड हाताचे होतात, हे त्याचे चाहतेसुद्धा मान्य करतील.)

कोलंबिया कंपनीतले विक्रीवाले कुरकुरत होते: ओळखीची एकही चाल नाही, ताल नाचता न येण्याजोगे, वर मुखपृष्ठावर नील फुजिताचं अमूर्त चित्र. अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन पाठीशी उभा राहिला म्हणून रेकॉर्ड निघाली. पुढे ती दहा लाखांवर खपली. १९६१ मध्ये ‘टेक फाइव्ह’ची छोटी तबकडी बिलबोर्डच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली.

डेसमंड १९७७ साली गेला. या रचनेची रॉयल्टी त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवली होती. ती आजही तिकडेच जाते.

‘ब्लू राँडो’ला हाताने ताल धरून बघ. मध्येच ते चारांत शिरतं, तिथे फसू नकोस.

तुझा,
मामा