कोड व घरची कुजबुज

आमच्या नातीच्या मनगटावर कोड उमटलें, तेव्हां घरांत औषधाआधीं तिच्या लग्नाची चिंता शिरली. वस्तुतः कोड म्हणजे महारोग नव्हे; तें स्पर्शानें लागत नाहीं. किलास केवळ त्वचेंतच राहतें व स्रवत नाहीं, असा कुष्ठाहून त्याचा भेद सुश्रुतानेंहि सांगितला आहे. दुधावर मासे खाल्ल्यानें तें येतें म्हणावें, तर आमच्या घरांत मासळी कधीं आलीच नाहीं! शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेस रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, हें खरें कारण. आपल्याच मतानें बावची लावून उन्हांत बसल्यास कातडी भाजते. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं मलम व अतिनील किरण यांनीं पुष्कळदां रंग परततो. मात्र महिनोन्महिने धीर हवा. नातीसमोरची कुजबुज बंद करणें, हा पहिला उपचार आम्हीं घरांत केला.