क्यूची गवसणी

मनुष्याला वस्तूपेक्षा तिच्या आवरणाची काळजी अधिक असते, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. चष्म्याला घर असते, तंबोऱ्याला गवसणी असते, उशीला अभ्रा असतो. आमच्या मातोश्रींनी तर रेडिओलाही भरतकामाचा अभ्रा शिवला होता आणि बातम्या ऐकताना तो पडद्यासारखा वर उचलावा लागे. तथापि पूल नावाच्या खेळाच्या काठ्यांसाठी गवसणी निवडण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे आमची पत्रिका पाहून कोणा ज्योतिष्याने सांगितले नव्हते. तो या वर्षी आला. आणि त्या निमित्ताने आम्हांला स्वतःविषयी जे कळले, ते फारसे भूषणावह नसले तरी सांगण्याजोगे आहे.

दादरकर वाचकांस 'पूल' म्हटल्याबरोबर टिळक पूल आठवेल, म्हणून प्रथम थोडा खुलासा करतो. हा पूल म्हणजे बिलियर्डच्या कुळातला खेळ. कापडाने मढविलेले टेबल, त्याला सहा खिसे, आकडे घातलेले पंधरा रंगीत चेंडू आणि ज्याने त्यांना टोलवावयाचे तो एक पांढरा चेंडू, एवढा त्याचा संसार. ज्या काठीने खेळतात तिला क्यू म्हणतात. खेळाचे नाव मात्र थोडे बदनाम आहे; पैजेसाठी सर्वांनी मिळून जमविलेल्या रकमेला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून ते पडले.

आमचे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. तेथे कॅरमला मज्जाव नव्हता; गॅलरीत बोर्ड मांडून बोरिक पावडरीने लेंगे पांढरे करण्यास वडीलधाऱ्यांची मूक संमती असे. परंतु बिलियर्ड हा बॅरिस्टरांचा व संस्थानिकांचा खेळ. तो क्लबांत, मंद दिव्यांखाली आणि बहुधा पेल्याच्या संगतीत चालतो, अशी मजल्यावरील सर्वांची समजूत होती. पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. १९७७ साली मुंबईचे मायकेल फरेरा जगज्जेते झाले. तरी त्या समजुतीस तडा गेला नाही. 'नाव काढलं हो मुंबईचं,' असे म्हणून चाळीने फरेरांचे कौतुक केले, आणि लगेच 'पण हे आपल्या मुलांचं काम नव्हे' अशी पुस्ती जोडली. ती पुस्ती आमच्या मनात किती खोल गेली होती, याचा पत्ता आम्हांला पन्नाशी उलटल्यावर लागावयाचा होता.

आमची कन्या पूल खेळते. महाविद्यालयात असताना मैत्रिणींबरोबर ती गंमत म्हणून खेळू लागली, पुढे नोकरीतून सुटल्यावर रोज दोन तास सराव करू लागली, आणि आता परगावच्या स्पर्धांनाही जाते. तिच्यापाशी तीन क्यू आहेत. एकाच चेंडूला मारावयास तीन काठ्या कशाला, असे आम्ही तिला विचारलेही होते. तिने समजावून दिले ते असे. डाव फोडताना पांढऱ्या चेंडूवर सर्व बळानिशी आघात करावा लागतो. त्यासाठी टणक टोकाची क्यू वेगळी ठेवतात, कारण त्या आघाताने नेहमीच्या क्यूचे चामड्याचे टोक चेपते. मग नेहमीची क्यू, जिच्या टोकाला चॉक लावून नाजूक फटके मारावयाचे ती. तिसरी, आडव्या आलेल्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडविण्याची. ती वजनास हलकी आणि लांबीने आखूड, परंतु नियमाप्रमाणे चाळीस इंचांहून कमी असता कामा नये. पुरी क्यू अठ्ठावन्न इंचांच्या आसपास असते व मध्यभागी फिरकीच्या सांध्याने तिचे दोन तुकडे होतात. जाड भागास बट व निमुळत्या भागास शाफ्ट म्हणतात. म्हणजे तीन बट, तीन शाफ्ट आणि जादा ठेवलेला एक शाफ्ट, असा सात नगांचा हा परिवार एका जुन्या योगासनांच्या चटईच्या पिशवीत एकमेकांवर आपटत दादर स्थानकाचा जिना चढत असे.

वाढदिवसानिमित्त आम्ही तिला चांगली गवसणी देण्याचे कबूल केले आणि बाजार पाहावयास निघालो. धोबीतलावाच्या बाजूस खेळाच्या सामानाची दुकाने आहेत, तेथून आरंभ केला. या धंद्यात माप इंचांत सांगत नाहीत, कप्प्यांत सांगतात. 'टू बाय फोर' म्हणजे दोन बट व चार शाफ्ट मावतील अशी. आमच्या कन्येस हवी होती ती 'थ्री बाय फाइव्ह'. एक कप्पा रिकामा राहील, असे आम्ही म्हणताच सौभाग्यवती उद्गारल्या, "कपाटात रिकामा कप्पा किती दिवस रिकामा राहतो, ते घरात बघा."

प्रकार तीन दिसले. पहिली मऊ पिशवी, हलकी व स्वस्त. परंतु गाडीतील गर्दीत एखाद्या धिप्पाड बाईचा भार शाफ्टवर पडला की क्यूला बाक यावयास वेळ लागणार नाही. दुसरी चौकोनी पेटी, आत मखमल, बाहेर कुलपे. ती मोटारीच्या मागील बाजूस शोभेल, परंतु जिच्या मालकिणीला मोटार नाही तिने ती आठ-पंचावन्नच्या गाडीत कोठे ठेवावी? तिसरी नळकांड्यासारखी, चामड्याची. ती आम्हांला आवडली. पण श्रावणात मुंबईतील चामड्यावर जी पांढरी बुरशी चढते तिची आठवण झाली. लाकडाचा खरा शत्रू दमट हवा. क्यू ओल्या पिशवीत रात्रभर राहिली, तर मग तिला किती सरळ ठेवली याला अर्थ उरत नाही.

इतका सूक्ष्म विचार करणारा हा प्राध्यापक शेवटी कशावर भाळला, हे सांगावयास संकोच वाटतो. दादरला वाद्यांच्या दुकानात आम्हांला बासऱ्यांची लांब पिशवी दिसली. निरनिराळ्या पट्ट्यांच्या सहा बासऱ्या राहतील असे कप्पे, वर गर्द तपकिरी कापड, दिसावयास सोज्वळ. 'हीच योग्य,' असे आमच्या मनाने तत्काळ सांगितले. लांबी कमी होती, आत कडक अस्तर नव्हते, पावसाचा बंदोबस्त नव्हता. तरीही हीच योग्य! कारण शोधावयास गेलो तेव्हा आठ दिवसांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. जिन्यात शेजारच्या काकूंनी कन्येच्या खांद्यावरील चटईची पिशवी न्याहाळून विचारले होते, "बासरी शिकतेय वाटतं?" आणि ती उत्तर देण्यापूर्वीच आम्ही म्हणालो होतो, "हो, असंच काहीतरी." कन्या तेव्हा काही बोलली नाही. रात्री पाने वाढल्यावर तिने शांतपणे विचारले, "बाबा, मी काय वाजवते?"

आम्ही वर्गात तीस वर्षे शब्दांचे अर्थ सांगत आलो. त्या एका प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. बासरीवाल्याला कोणी विचारीत नाही की एका फुंकरीला सहा बासऱ्या कशाला. त्याची पिशवी लांब असते, कारण त्याच्या विद्येला मान आहे. आम्ही आमच्या मुलीला गवसणी देत नव्हतो. तिला त्या मानाचा बुरखा घालीत होतो.

बासऱ्यांची पिशवी घेतली नाही. कोणीतरी लालबागच्या एका वृद्ध कारागिराचे नाव सुचविले; गणपतीच्या दिवसांत ते ढोल-ताशांच्या गवसण्या शिवतात. या वेळी कन्येला बरोबर नेले. कारागिराने जन्मात क्यू पाहिली नव्हती. त्याने सातही नग हातांत फिरविले, मापे खडूने फळीवर लिहिली, आणि इतक्या दुकानांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न आम्हांला नव्हे, तिला विचारला :

"ताई, गाडीत चढताना पिशवी पुढं घेता की मागं?"

"पुढे. मागे घेतली की बायका ओरडतात."

तेवढ्यावर त्याने सारी रचना ठरविली. पट्टा छातीशी धरता येईल असा. प्रत्येक नगाला नळाच्या प्लॅस्टिक पाइपाचे वेगळे घर, आत फलालीन. बाहेर जलरोधक कॅनव्हास, साखळीवर पावसासाठी झडप, तळाला रबर, आणि चॉकच्या खिशाशेजारी ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीसाठी एक लहानसा खिसा.

"वर काय लिहायचं?" त्याने विचारले.

"काही नको," आम्ही घाईने म्हणालो.

"साहेब, काहीच नसलं की लोक कायबी समजतात. ढोलावर पथकाचं नाव असतंय ना? पोलिसानं ठेसनात अडवलं तर नाव बघून सोडतो."

कन्या फळीवरील खडूच्या आकड्यांकडे पाहत होती. ती म्हणाली, "बासरी लिहू नका, म्हणजे झालं."

ती हसून म्हणाली. आम्हांला मात्र हसू आले नाही. आम्ही कारागिराजवळचा खडू मागून घेतला आणि फळीवर प्रथम तिचे नाव व त्याखाली 'पूल' ही दोन अक्षरे लिहून दिली.

गवसणी पंधरा दिवसांनी आली. ती सुंदर आहे असे म्हणवत नाही. वजनही क्यूंपेक्षा तिचेच जास्त भरेल. जिन्यात काकू पुन्हा भेटल्या. त्यांनी पिवळ्या दोऱ्याने काढलेली अक्षरे वाचली आणि विचारले, "पूल? हा कुठला पूल? आणि बासरी सोडली का हिनं?"

कन्येला गाडीची घाई होती. ती गवसणी छातीशी धरून खाली उतरली. आम्ही तेथेच थांबलो. "काकू," आम्ही म्हणालो, "बासरी तिने कधी वाजवलीच नाही. ते मीच तुम्हाला खोटं सांगितलं होतं." आणि मग हातातील भाजीची पिशवी पायरीवर ठेवून आम्ही त्यांना विल्सन जोन्सपासून सारे सांगावयास आरंभ केला.